एक पोतं युरिया, गगनबावडा ते शिरोळ: अमोनिया खाणारे जीव जागेप्रमाणे कसे बदलतात

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याच्या खाचरात टाकलेला युरिया आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळच्या उसात टाकलेला युरिया एकाच कारखान्यातला असला, तरी त्याचं पुढं नायट्रेट करणारे जीव दोन्हीकडे सारखे नसतात. अंतर म्हणाल तर साधारण शंभर किलोमीटर. पण पश्चिमेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जाणारा पाऊस आणि धुपून आंबट झालेली जांभी माती, तर पूर्वेला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पाऊस आणि काळी, चुनखडीची, जागोजागी क्षारपड जमीन. काम एकच, पण परिस्थिती इतकी वेगळी की एका प्रकारच्या जिवाला दोन्हीकडे टिकता येत नाही.

‘सूक्ष्मजीव परिस्थितीशी जुळवून घेतात’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्यातून वाटतं की तोच जीव आठवडाभरात स्वतःला बदलून घेतो. थोडंफार बदलतोही. पण मोठा बदल होतो तो वेगळ्या वाटेनं: एक जात मागं पडते आणि त्या जागेला आधीपासून लायक असलेली दुसरी जात वाढते. या बदलाला आठवडे लागतात, कधी महिने. शेतात, सांडपाण्याच्या टाकीत किंवा माशांच्या काचपेटीत जे बिघडतं, ते बहुतेक वेळा या मधल्या काळातच बिघडतं.

नेमकं काम काय

हे जीव साखर, पिष्ट असं काही खात नाहीत. अमोनिया प्राणवायूनं जाळून त्याचं नायट्राइट करायचं, त्यातून सुटलेल्या ऊर्जेवर जगायचं आणि कार्बन डायऑक्साइडपासून शरीर बांधायचं, एवढाच त्यांचा संसार. नायट्राइटचं नायट्रेट करायला बहुतेक ठिकाणी दुसरे जीव असतात. या धंद्यात नफा फार थोडा. एक ग्रॅम नत्र जाळून कोरड्या वजनात जेमतेम ०.१ ते ०.२ ग्रॅम शरीर तयार होतं. प्रयोगशाळेतले नेहमीचे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना सगळं मनासारखं मिळालं तरी आठ तास लागतात, आणि एरवी एक दिवस किंवा त्याहून जास्त.

पुढं सगळीकडे उपयोगी पडणारे दोन आकडे इथंच सांगून ठेवतो. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं पूर्ण नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. आणि त्यात तयार होणारं आम्ल मारायला ७.१४ ग्रॅम चुनखडीइतकी अल्कता खर्च होते. हे आम्ल पहिल्याच टप्प्यात, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट होताना तयार होतं. थोडक्यात, हे जीव स्वतःच्याच कामानं स्वतःची जागा आंबट करत जातात.

सेर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० मध्ये हे जीव प्रथम वेगळे करून वाढवले. त्यानंतर शंभरावर वर्षं सगळी पुस्तकं एकच सांगत होती: हे काम जीवाणूंचं, मुख्यतः नायट्रोसोमोनास आणि नायट्रोसोस्पायरा यांचं. २००५ मध्ये सिएटलच्या एका मत्स्यालयातून नायट्रोसोप्युमिलस हा जीव वेगळा झाला आणि तो जीवाणू नव्हताच. तो आर्किया या वेगळ्याच गटातला निघाला. मातीत आणि समुद्रात शोध सुरू झाला तेव्हा बऱ्याच ठिकाणी आर्कियांची संख्या जीवाणूंच्या कितीतरी पट भरली. २०१५ मध्ये तिसरा गडी सापडला: नायट्रोस्पायरा वंशातला कोमॅमॉक्स, जो अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करतो. त्यातला एक रशियातल्या एका खोल विहिरीच्या पाइपच्या आतल्या थरात मिळाला. तेल शोधण्यासाठी खणलेल्या त्या विहिरीतून गरम पाणी येत होतं.

सगळं ठरतं सामूवर

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, दुसरा विद्युतभार असलेला अमोनियम. या जिवांचं पहिलं एन्झाइम तांब्यावर चालतं आणि ते पेशीच्या आवरणात बसलेलं असतं. त्याला लागतो मोकळा अमोनिया. २५ अंश तापमानात सामू (पीएच) ७ असेल तर एकूण साठ्यातला साधारण अर्धा टक्काच मोकळा असतो. सामू ८ ला पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाच्या वर. उलट्या बाजूला सामू ५ ला गेलात तर एक लाख भागांत जेमतेम सहा. म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर अमोनियाचा आकडा दोन्ही शेतांत सारखा दिसला, तरी आंबट शेतातला जीव उपाशी असू शकतो आणि विम्ल शेतातला गुदमरलेला.

यावरून तीन गटांची वाटणी समजते. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू म्हणजे तालमीतला पैलवान: खुराक भरपूर हवा, पण मिळाला की काम दणक्यात. त्यांच्या पेशीत पडद्यांच्या घड्याच घड्या असतात, सगळ्या एन्झाइमनं भरलेल्या. आर्किया त्याच्या उलट. पेशी इतकी बारीक की नायट्रोसोप्युमिलसची जाडी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाच्या आसपास भरते. पेशी बारीक असली की आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग जास्त मिळतो, आणि विरळ पाण्यातूनही अमोनिया वेचता येतो. हा जीव एक लिटर पाण्यात दोन-तीन मायक्रोग्रॅम नत्र असलं तरी निम्म्या वेगानं काम करतो. नायट्रोसोमोनासला तेवढ्यासाठी शेकडो किंवा हजारो पट जास्त लागतं. कोमॅमॉक्सची भूकही आर्कियांसारखी थोडीच. नियमाला अपवाद आहेत. नायट्रोसोकॉस्मिकस नावाचे आर्किया चांगला भरपूर अमोनिया सोसतात. पण ढोबळ हिशेब हाच.

पश्चिमेकडे: आंबट माती

शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात पावसानं चुना, मॅग्नेशियम धुऊन नेलेला असतो. सामू ५ च्या आसपास उतरला की पुस्तकी नायट्रोसोमोनास हात टेकतो. तरी अशा जमिनीत नायट्रेट तयार होतंच, आणि ते कसं हे कोडं बरीच वर्षं होतं. स्कॉटलंडमधल्या आंबट शेतजमिनीतून २०११ मध्ये नायट्रोसोटेलिया हा आर्किया वाढवण्यात आला. तो सामू ४ ते ५ मध्येच खुलतो आणि ७ ला वाढतच नाही. पुढं जपानमधल्या चहाच्या आंबट मळ्यांतून आम्ल सोसणारा एक जीवाणूही मिळाला.

बाहेर इतकं आम्ल असताना आतला कारभार कसा सांभाळायचा? एक युक्ती म्हणजे पेशीतले जादा प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप. आम्लातल्या आर्कियांकडे असा एका वेगळ्या धाटणीचा पंप (एटीपेज) असतो, आणि त्याची जनुकं त्यांना दुसऱ्या सूक्ष्मजीवांकडून मिळालेली दिसतात. गंमत म्हणजे तशाच धाटणीचं यंत्र महासागराच्या सर्वांत खोल खंदकांत राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांकडेही आढळलं. दुसरी युक्ती युरियाची. युरियावर विद्युतभार नसतो, त्यामुळं आम्लातही तो तसाच पेशीत शिरतो. आत युरिएज एन्झाइम त्याचा अमोनिया करतं. बाहेरचा सामू काही का असेना, जेवण घरात आल्यावर वाढलं जातं. तिसरी साधी गोष्ट: मातीच्या कणाला चिकटून, चिकट थरात एकमेकांच्या आडोशानं राहणं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं इथला धोका वेगळाच आहे. युरियातल्या एक किलो नत्राचं नायट्रेट होऊन ते सगळं पावसात वाहून गेलं, तर मागं उरलेलं आम्ल मारायला हिशेबानं साधारण ३.६ किलो चुना, म्हणजे चुनखडी, लागते. अमोनियम सल्फेट वापरलं तर दुप्पट, ७.१ किलो. आधीच आंबट जमिनीत अमोनियम सल्फेट म्हणजे जखमेवर मीठ. आणि एकदम भरपूर चुना टाकून सामू दोन महिन्यांत साडेसहावर नेला, तर आंबट जागेतले कारागीर बाजूला पडतात आणि नायट्रोसोस्पायरासारखे जीवाणू जोर धरतात. नायट्रेट पटकन बनतं आणि तितक्याच पटकन धुऊन जातं. म्हणून चुना हप्त्यानं टाकावा, आणि जोराच्या पावसाच्या तोंडावर नत्राची मोठी मात्रा देऊ नये.

भाताच्या खाचरात आणखी एक गोष्ट घडते. चिखलणीनंतर वरच्या काही मिलिमीटरांत प्राणवायू असतो, खाली नसतो. भाताची मुळं मात्र आतून थोडा प्राणवायू सोडतात, त्यामुळं मुळांभोवती एक पातळ वेटाळं तयार होतं आणि हे जीव तिथं जमतात. वरून फेकलेला युरिया वरच्या थरात नायट्रेट होतो, ते पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि खालचे प्राणवायूविना जगणारे जीव त्याचा वायू करून हवेत सोडतात. भाताच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या, मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात ती याचसाठी. तिथं प्राणवायू नाही, म्हणजे जिवांचं काम बंद. अमोनियम मातीला धरून राहतो आणि मुळं तो हळूहळू घेतात. ब्रिकेट दोन-तीन सेंटिमीटरवरच राहिली तर सगळी मेहनत पाण्यात.

एका दाण्याभोवती

उसाकडे वळण्याआधी युरियाचा एकच दाणा जवळून बघू. वाफशावरच्या, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेल्या, मातीत पडला की तो काही तासांत विरघळतो. मातीतलं युरिएज दोन-तीन दिवसांत त्याचा अमोनिया करतं. या काळात दाण्याभोवतीच्या सेंटिमीटरभर मातीचा सामू ८.५-९ वर चढतो आणि अमोनिया इतका दाटतो की अमोनिया खाणारेही आत टिकत नाहीत. दाणा उघड्यावर असेल तर याच दिवसांत नत्र वायूरूपानं उडतं. रणरणत्या उन्हात नुसता वरून फेकलेला युरिया परवडत नाही तो म्हणून. मग अमोनिया बाहेर पसरतो, विरळ होतो, आणि कडेनं नायट्रोसोस्पायरासारखे जीवाणू कामाला लागतात. कडेकडून आत असं नायट्रेटचं कडं सरकत जातं आणि मागं सामू उतरत जातो, सुरुवातीपेक्षाही खाली. आर्किया या दाण्याच्या धांदलीत फारसे नसतात. त्यांचं काम दोन दाण्यांच्या मधल्या मातीत, पाला-पाचट आणि शेणखत कुजून झिरपणाऱ्या नत्रावर संथपणे चालू असतं.

म्हणून ‘आमच्या जमिनीत आर्किया जास्त की जीवाणू जास्त’ या प्रश्नाला नुसत्या संख्येनं उत्तर मिळत नाही. पोतं ओतल्यावर काम करतात ते जीवाणू, वर्षभर करतात ते आर्किया. आणि नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू जीवाणूंच्या धांदलीत जास्त सुटतो.

आडसाली, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या, उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र, म्हणजे सगळं युरियातून दिलं तर एकोणीस-वीस पोती. ती लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या भरणीला ४० टक्के अशी वाटायला सांगतात, त्यामागं हाच हिशेब आहे: जिवांनी नायट्रेट करण्याचा वेग आणि उसानं उचलण्याचा वेग जवळपास ठेवायचा. २०१५ पासून देशात युरिया कडुनिंबाचं तेल लावलेला येतो. ते तेल या जिवांचा वेग काही आठवडे कमी करतं. करंजाच्या पेंडीतलं करंजिनही तेच करतं. पण पाणी भरून शेत आठवडाभर तुंबवून ठेवलं तर निंबोळीच्या लेपाचा काही उपयोग नाही.

पूर्वेकडे: तुंबलेली आणि क्षारपड जमीन

काळ्या जमिनीत पाणी जादा झालं की पोकळ्यांतली हवा हटते. अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम सगळ्यात चांगलं चालतं ते पोकळ्यांचा साधारण ६० टक्के भाग पाण्यानं भरलेला असताना, म्हणजे आपल्या भाषेत वाफशाला. त्याच्या पुढं प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद एक वेगळं काम सुरू करतात: स्वतः बनवलेलं नायट्राइट उलटं वापरून त्याचा नायट्रस ऑक्साइड करतात. म्हणजे तुंबलेल्या उसात नत्राची गळती दोन वाटांनी होते: एक ही, आणि दुसरी खाचरातल्यासारखीच, प्राणवायूविना जगणाऱ्या जिवांमुळं.

क्षारपड जमिनीत प्रश्न मिठाचा. बाहेर क्षार जास्त झाले की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्याला तोंड द्यायला काही जाती आत सुक्रोज, ग्लुटामेट, एक्टोइन यांसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवतात आणि सोडियम बाहेर ढकलणारे पंप चालू ठेवतात. हे फुकट होत नाही. आधीच तुटपुंज्या ऊर्जेतला मोठा वाटा त्यातच जातो, त्यामुळं वाढ मंदावते आणि मोजक्याच जाती उरतात. चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीत सामू ८.५ च्या वर असतो, तिथं भर पडते मोकळ्या अमोनियाची. तो नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्यांना फार लवकर बाधतो: लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅमला त्यांचं काम अडखळतं, तर अमोनिया खाणारे १० ते १५० पर्यंत तग धरतात. परिणाम, पहिला टप्पा चालू आणि दुसरा बंद. नायट्राइट साचतं आणि कोवळ्या मुळांना चटका बसतो. अशा जमिनीत युरियाचा हप्ता लहान, मातीआड आणि निचरा झाल्यावरच.

समुद्र आणि गरम झरे इथं थोडक्यात. खोल समुद्रात अमोनिया इतका विरळ की तिथं आर्कियांचंच राज्य. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत ७२ अंशांवर काम करणारा नायट्रोसोकाल्डस आहे. आर्कियांचं पेशीआवरण दुपदरी नसून आरपार एकसंध रेणूंचं असतं, आणि उष्णतेप्रमाणे ते त्या रेणूंतल्या कड्यांची संख्या वाढवून आवरण घट्ट करतात. हे रेणू ज्या रासायनिक वाटेनं बनतात तिच्यासारखीच वाट आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल बनवते. म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिमव्हास्टॅटिननं आर्किया थांबतात आणि जीवाणूंना काही होत नाही. संशोधक दोघांचं काम वेगळं मोजायला ही युक्ती वापरतात.

सांडपाण्याच्या टाकीत

शहरी सांडपाण्यात लिटरला साधारण २५ ते ४० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र असतं. म्हणजे इथं पैलवानांचीच चलती. पण तेच सगळ्यात आधी हरवतात, कारण ते ज्या गाळात राहतात तो काढण्याचा वेग त्यांच्या वाढीच्या वेगापेक्षा जास्त होतो.

हिशेब सोपा आहे. समजा एरेशन टाकी, म्हणजे हवा सोडायची टाकी, १,००० घनमीटरची आणि गाळ लिटरला ३,५०० मिलिग्रॅम. म्हणजे टाकीत ३,५०० किलो गाळ. रोज ३५० किलो काढलात तर गाळाचं वय, म्हणजे तो टाकीत सरासरी राहतो तो काळ, १० दिवस. टाकीतला गाळ दाट दिसतोय म्हणून रोज १,००० किलो काढायला लागलात तर वय साडेतीन दिवस. सांडपाणी २५ ते ३० अंशांचं असतानाही चार-पाच दिवसांच्या खाली अमोनिया खाणारे धुऊन जाण्याचा धोका असतो. आठ-दहा दिवस सुरक्षित. मळ खाणारे जीवाणू मात्र मजेत असतात, त्यामुळं पाणी स्वच्छ दिसतं, बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय मळाचं माप) उत्तम येतो, आणि अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडतो. हे चकवणारं लक्षण आहे.

दुसरी अडचण अल्कतेची. ३० मिलिग्रॅम नत्राला ३० गुणिले ७.१४, म्हणजे २१४ मिलिग्रॅम अल्कता जाते. येणाऱ्या पाण्यात २५० असेल तर शेवटी ३६ उरते, आणि सामू साडेसहाच्या खाली घसरून काम मध्येच थांबतं. शेवटी ५० ते १०० शिल्लक हवी. चुना किंवा सोडा टाकण्याआधी प्राणवायूविना चालणाऱ्या टाकीकडे बघा: नायट्रेटचा वायू होताना साधारण निम्मी अल्कता परत मिळते. पावसाळ्यात पावसाचं पाणी मिसळलं की अल्कता पातळ होते, त्याच वेळी गाळही वाहून जातो. जुलैत अमोनिया वाढतो तो या दुहेरी माराने.

प्राणवायू टाकीच्या लांबच्या कोपऱ्यातही लिटरला २ मिलिग्रॅम राहिला पाहिजे. ब्लोअरजवळ मोजून समाधान मानू नये. आणि तांबं, निकेल, चांदी, सायनाइड असलेलं प्लेटिंगचं किंवा दागिने उजळण्याचं पाणी गटारात आलं की सगळ्यात आधी हेच जीव पडतात. ज्या तांब्यावर त्यांचं एन्झाइम चालतं तेच तांबं जरा जास्त झालं की विष. मेलेली फौज परत उभी राहायला गाळाच्या दोन-तीन वयांइतका काळ लागतो; चालू प्लँटचा ताजा गाळ टँकरनं आणून टाकला तर बराच लवकर. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांपेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवावा.

काचपेटी आणि बरणी

घरच्या माशांच्या पेटीत हाच खेळ छोटा होऊन दिसतो. नव्या पेटीत आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, आणि २५ ते २८ अंशांत चार ते सहा आठवड्यांनी दोन्ही शून्यावर येतात. जुन्या पेटीच्या फिल्टरमध्ये पुष्कळदा आर्किया किंवा कोमॅमॉक्स पुढं निघालेले असतात, कारण तिथं अमोनिया सदैव विरळ. म्हणूनच जुन्या, शांत पेटीत एकदम दहा मासे सोडले की पेटी कोलमडते. थोड्यावर जगणारे गडी अचानक आलेल्या खुराकाला पुरत नाहीत आणि पैलवान वाढायला वेळ लागतो. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीननं दोघेही जातात; पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. लाईट जाऊन फिल्टर काही तास बंद राहिला, तर डब्यातलं शिळं पाणी आधी ओतून द्यावं, मगच चालू करावा.

मातीतले हे जीव पाहायचे असतील तर पेटीचं नायट्राइट-नायट्रेटचं किट पुरतं. पाच ग्रॅम अमोनियम सल्फेट एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिलिलिटर रुंद तोंडाच्या बरणीतल्या एक लिटर विहिरीच्या पाण्यात घाला. लिटरला साधारण १० मिलिग्रॅम नत्र झालं. अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा आणि चमचाभर शेतातली माती टाका. तोंडाला फडकं बांधून अंधारात ठेवा, कारण उजेड या जिवांना बाधतो. रोज हलवा. दुसऱ्या बरणीत तेच सगळं, पण माती आधी अर्धा तास उकळून. जिवंत मातीच्या बरणीत एक ते तीन आठवड्यांत नायट्राइटचा गुलाबी रंग दिसतो. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा आकडा फुगलेला येतो, तो खरा धरू नका.

एवढ्या नत्रात बरणीत वाढतात ते मुख्यतः जीवाणू. भरपूर खुराकाच्या अशाच बरण्यांमुळं आर्किया २००५ पर्यंत कुणाला दिसले नाहीत. आंबट मातीतले गडी पाहायचे तर सोडा घालू नका, अमोनियम सल्फेटऐवजी थोडा युरिया वापरा आणि महिना-दोन महिने थांबा. आणि तिथं नायट्राइटची वाट बघू नका: सामू ५ ला ते साचण्याआधीच मोडतं. रंग येईल तो नायट्रेटच्या नळीत.